वेमो: गाडीला चार स्टार, रोबोटॅक्सीवाल्यांच्या बातांना एक

सॅन फ्रान्सिस्कोला येणार असाल तर वेमोत, म्हणजे इथल्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीत (रोबोटॅक्सीत), बसाच, घाबरण्यासारखं काही नाही. पांढरी जॅग्वार येते, टपावर तुमच्या नावाची अक्षरं झळकतात, ॲपवरून दार उघडायचं, बेल्ट लावायचा, स्क्रीनवर बटण दाबायचं की निघाली. स्टिअरिंग आपोआप फिरताना बघून सुरुवातीला पोटात गोळा येतो, मग थोड्या वेळाने आपणच मोबाईल काढून बसतो. चालवते अगदी शिस्तीत, आणि टिपची भानगड नाही. भाडं मात्र बऱ्याचदा उबरपेक्षा जास्तच, म्हणजे ड्रायव्हर काढला तरी आपल्या खिशात काही राहिलं नाही, हे गणित काय मला समजत नाही बुवा.

तरी इथले बरेच लोक अजून नाकं मुरडतात आणि त्यांना मागासलेले म्हणणं मला तरी पटत नाही. एलॉन मस्क २०१९ मध्ये म्हणाला होता की पुढच्या वर्षी टेस्लाच्या दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील. सुरू झालं जून २०२५ ला, ऑस्टिनमध्ये, मोजक्या गाड्या, बोलावलेले पाहुणे, आणि पुढच्या सीटवर कंपनीचा माणूस. म्हणजे ड्रायव्हर डावीकडून उजवीकडे सरकला एवढंच की!

क्रूझचं, म्हणजे जनरल मोटर्सच्या रोबोटॅक्सी कंपनीचं, प्रकरण त्याहून वाईट. ऑक्टोबर २०२३, इथलीच गोष्ट, एका बाईला आधी दुसऱ्याच गाडीने उडवलं, ती क्रूझच्या पुढ्यात पडली, क्रूझ धडकून थांबली पण मग कडेला घ्यायची म्हणून त्या बाईला जवळजवळ २० फूट फरफटत घेऊन गेली. अपघात एक वेळ समजू शकतो हो, पण फरफटत नेल्याचं कंपनीने सरकारी रिपोर्टात लिहिलंच नाही, त्याबद्दल पुढे ५ लाख डॉलर दंड भरावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने हा धंदाच गुंडाळला. लोकांचा विश्वास गेला तो इथे, मशीन चुकलं म्हणून नाही.

वेमो त्या मानाने सांभाळून चालते, पण डिसेंबर २०२५ मध्ये शहराच्या मोठ्या भागातले लाइट गेले, सिग्नल बंद पडले, तर यांच्या गाड्या चौकाचौकात नुसत्या उभ्या राहिल्या आणि मागे ट्रॅफिक जाम. सिग्नल बंद असला की पुण्यातला रिक्षावाला थांबतो का कधी? (थांबायला हवा, तो वेगळा विषय.) गडकरी तर सरळ म्हणतात की ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊच देणार नाही.

गाडी अडली की लांब कुठेतरी बसलेला माणूस तिला वाट सुचवतो, हे वेमो स्वतःच सांगते. मग माझ्या राइडमध्ये त्याची गरज कितीदा पडली ते पावतीवर छापा ना, पाचवा स्टार लगेच देतो.