एचपी झेड८४०: जुन्या बाजारातल्या दोन झिऑनचे पैसे कधी वसूल होतात

ठाणे-नवी मुंबईत रिफर्बिश्ड वर्कस्टेशन विकणाऱ्यांकडे झेड८४० बहुतेक वेळा एकाच ओळीत सांगितलं जातं: २८ कोअर, ५६ थ्रेड. आकडा खरा आहे. झिऑन ई५-२६८० व्ही४ हा इंटेलचा सर्व्हर-वर्कस्टेशनसाठीचा १४ कोअरचा प्रोसेसर आणि बोर्डावर असे दोन. प्रत्येक कोअर एका वेळी कामाचे दोन धागे, म्हणजे थ्रेड, चालवतो. पण ही २०१६ची चिप आहे. बेस स्पीड २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.३. एकेका कोअरच्या वेगात आजचा साधा आय५ तिला सहज मागे टाकतो.

म्हणून आधी काम बघा. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्समधलं पार्ट मॉडेलिंग किंवा टॅली, हे सगळं मुख्यतः एकाच कोअरवर चालतं. त्यासाठी हे यंत्र घेऊ नका. ब्लेंडर किंवा व्ही-रेचं सीपीयू रेंडरिंग (थ्रीडी मॉडेलवरून चित्र तयार करणं), ओपनफोम (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणारं सॉफ्टवेअर), एकाच वेळी पाच-सहा व्हर्च्युअल मशीन, इथे मात्र ते मनापासून राबतं. तरीही कामाचा ५ टक्के भाग एकापाठोपाठ एकच होणारा असेल, तर अॅमडालच्या सूत्राने २८ कोअरवर वेग जेमतेम १२ पट वाढतो. १ टक्का असेल तर २२ पट.

खरी गोम रॅममध्ये आहे आणि विकणारे तिथेच हात आखडता घेतात. प्रत्येक प्रोसेसरला मेमरीचे चार स्वतंत्र चॅनेल, म्हणजे डेटा ये-जा करायचे रस्ते, आहेत. डीडीआर४-२४०० च्या एका चॅनेलची कमाल क्षमता सेकंदाला १९.२ जीबी, म्हणजे एका बाजूला ७६.८ आणि दोन्ही मिळून १५३.६. ६४ जीबी हवी असेल तर १६ जीबीच्या चार स्टिक नकोत, ८ जीबीच्या आठ घ्या, दोन्ही बाजूंना चार-चार. चार स्टिकमध्ये निम्मे चॅनेल रिकामे राहतात आणि बँडविड्थही निम्मी होते. रेंडरिंगला हे फारसं जाणवत नाही. ओपनफोमला मात्र जोरदार फटका बसतो, सगळे कोअर लावायच्या कितीतरी आधीच वेग वाढायचा थांबतो. बोर्डावर १६ स्लॉट असल्याने आठ भरूनही पुढे वाढवायला जागा उरते. स्टिक सगळ्या रजिस्टर्ड ईसीसीच (सर्व्हरसाठीच्या, चुका पकडणाऱ्या) हव्यात, घरच्या पीसीतल्या चालत नाहीत.

पैसे देण्याआधी दुकानातच लिनक्सचा पेनड्राइव्ह लावा. ‘एलएससीपीयू’ या कमांडने दोन सॉकेट आणि दोन न्यूमा नोड (प्रत्येक प्रोसेसर आणि त्याची जवळची मेमरी असा एकेक गट) दिसतात का ते बघा. सॉकेट दोन पण नोड एकच दिसला तर बायोसमध्ये बहुधा नोड इंटरलीव्हिंग (दोन्ही बाजूंची मेमरी एकत्र मिसळणं) चालू आहे, ते बंद करा. मग मेमरीचा वेग मोजणारी ‘स्ट्रीम’ चाचणी चालवा. आकडा ७६.८ च्याही खाली रेंगाळत असेल तर कुठलेतरी चॅनेल रिकामे किंवा बंद आहेत. शेवटी अर्धा तास पूर्ण लोड द्या. एकाच प्रोसेसरचं तापमान चढत असेल तर त्याची थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) वाळलेली असू शकते.

बॉक्स उघडून रॅम आणि कार्डांचे सोनेरी कॉन्टॅक्ट पाहाच. खाडीची दमट हवा, त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांचे वायू. तिथे वर्षानुवर्षं चाललेल्या यंत्रात काळे-हिरवे डाग सापडू शकतात. डाग असलेला बोर्ड स्वस्तातही घेऊ नये. पॉवर सप्लायही एचपीच्याच घडणीचा आहे, साधा एटीएक्स, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारा पीसीचा सप्लाय, बसत नाही. त्यामुळे सप्लायची वेगळी लेखी वॉरंटी मागा.

विजेचा हिशेब: नुसते दोन प्रोसेसरच २४० वॅटचे. पूर्ण लोडला सगळं मिळून ४०० वॅट धरले तर दहा तासांच्या रेंडरला चार युनिट. साधा ६०० व्हीएचा यूपीएस इथे पुरत नाही. दीड केव्हीएचा घ्या, तोही शुद्ध साइन वेव्हचा, नाहीतर वीज गेल्यावर यूपीएस असूनही यंत्र बंद पडू शकतं.

विंडोजची होम आवृत्ती एकच प्रोसेसर वापरते, दुसरा नुसता बसून राहतो. प्रो घ्यावीच लागते. विंडोज ११च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं, त्यांना हे यंत्र सर्वांत स्वस्त पडेल.