जीवन अक्षय ७: नवरा पासष्टचा, बायको पंचेचाळीसची असेल तर कोणता पर्याय?

वयात वीसेक वर्षांचं अंतर असलेल्या जोडप्याने पेन्शनचा हिशोब बायकोच्या वयावरून मांडावा. एजंट बहुतेक वेळा तो नवऱ्याच्या वयावरून मांडतो, कारण एकट्याच्या जिवावरचा, म्हणजे फक्त त्याच्या हयातीपुरत्या पेन्शनचा, आकडा मोठा दिसतो. एकरकमी पैसे भरून लगेच हयातभर पेन्शन देणाऱ्या एलआयसीच्या जीवन अक्षय ७ मध्ये (प्लॅन क्रमांक ८५७) ‘ए’ ते ‘जे’ असे दहा पर्याय आहेत. एकदा निवडलेला पर्याय पुढे बदलता येत नाही.

‘ए’मध्ये नवरा गेला की पेन्शनही गेली आणि मुद्दलही गेलं. अशा घरात तो घेऊच नये. ‘एफ’मध्ये मुद्दल नॉमिनीला परत मिळतं, पण पेन्शन थांबते. ती रक्कम बायकोने त्या वेळी चालू असलेल्या दराने पुन्हा कुठेतरी गुंतवायची. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचाही इथे फारसा आधार नाही. जोडीदार कोणत्याही वयाचा चालत असला तरी खातं उघडतं ते पहिल्या धारकाच्या वयावर. पन्नाशीतल्या विधवेला स्वतःच्या नावाने नवं खातं सहसा मिळत नाही.

अशा जोडप्याच्या कामाचे म्हणजे दोघांच्या जिवावरचे तीन पर्याय. ‘एच’मध्ये नवऱ्यामागे बायकोला निम्मी पेन्शन मिळते. ‘आय’मध्ये पूर्ण मिळते, पण मुद्दल परत नाही. ‘जे’मध्ये पेन्शनही पूर्ण आणि दोघांच्या पश्चात मुद्दल नॉमिनीला.

खरी मेख पेन्शनच्या दरात आहे. ‘आय’चा दर दोघांच्या वयावर ठरतो आणि बायको जितकी तरुण तितका तो खाली येतो, कारण कंपनीला चाळीस वर्षंही पैसे द्यावे लागू शकतात. ‘जे’मध्ये मुद्दल शेवटी परत द्यायचंच असल्याने पेन्शन म्हणजे जवळपास नुसतं व्याज. त्यामुळे वयातल्या अंतराचा फटका तिथे फार कमी बसतो. समवयस्क जोडप्याला ‘आय’ परवडू शकतो. इथे मात्र ‘आय’ आणि ‘जे’ यांच्या दरातला फरक इतका थोडा उरतो की मुद्दल सोडण्यात अर्थ नाही. दोन्हींचे आकडे दोघांच्या खऱ्या जन्मतारखा घालून शेजारीशेजारी मागून घ्या. आणखी एक, सरेंडर (पॉलिसी मध्येच मोडून पैसे घेणं) आणि कर्जाची सोय ‘एफ’ व ‘जे’ या दोनच पर्यायांत आहे.

पहिल्या लग्नाची मुलं असतील तर ‘जे’ने बरीच भांडणं टळतात. हयातभर पेन्शन दुसऱ्या बायकोला, शेवटी मुद्दल मुलांना. त्यासाठी नॉमिनीच्या रकान्यात कोणाचं नाव आणि किती टक्के, हे प्रस्ताव भरतानाच ठरवा.

मोठा दोष महागाईचा. दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढणारा ‘जी’ पर्याय फक्त एकाच जिवावर मिळतो, जोडप्याला नाही. महागाई ६ टक्के धरली तर २४ वर्षांनी २०,००० रुपयांना आजच्या ५,००० इतकीच किंमत राहते, आणि तेव्हा बायको असेल जेमतेम ६९ वर्षांची. म्हणून सगळी पुंजी इथे ओतू नये. वाणसामान, वीजबिल, औषधं भागतील एवढीच पेन्शन बांधावी आणि उरलेलं तिच्या नावावर वाढत राहील अशा ठिकाणी ठेवावं. पेन्शन करपात्र आहे, तेही हिशोबात धरा.

लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना दोघांच्या जिवावरची ही सोय नाही. दुसरा जीव पती-पत्नी, भावंडं किंवा आजी-आजोबा, आई-वडील, मुलं, नातवंडं असाच लागतो.

कागदपत्रांत अडतं ते नावावर. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं आणि बँकेत तिसरंच, असं असेल तर आधी एकसारखं करून घ्या. तिचं स्वतःचं बँक खातं चालू हवं. नवऱ्याच्या एकट्याच्या खात्यात पेन्शन येत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर मृत्यूदाखला, मूळ पॉलिसी आणि नव्या खात्याचा तपशील शाखेत पोहोचेपर्यंत पैसे अडकतात. पॉलिसी हातात आल्यावर पर्यायाचं अक्षर आणि तिची जन्मतारीख लगेच तपासा. चूक असली तर परत करायला ३० दिवस असतात.