गॅरेथ इव्हान्स, ली हेवन जोन्स की प्रानो बेली-बॉन्ड : वेल्श भयपट कोणाचा आधी पाहावा?

वेल्श भयपट म्हटले की गॅरेथ इव्हान्सचे नाव आधी निघते, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. दक्षिण वेल्समधल्या हिरवाइन गावात वाढलेला हा दिग्दर्शक नावारूपाला आला तो इंडोनेशियात. सिलाट या तिथल्या युद्धकलेवर माहितीपट करताना त्याला इको उवैस हा सिलाटपटू भेटला. त्याला घेऊन इव्हान्सने २००९ मध्ये ‘मेरांताउ’ आणि २०११ मध्ये ‘द रेड’ हे मारधाडपट केले. तीच हाणामारी मिळेल म्हणून कोणी त्याचा भयपट ‘अपॉसल’ (२०१८) लावतो आणि अर्ध्या तासात कंटाळून बंद करतो. हा सिनेमा सव्वादोन तासांच्या आसपासचा आहे आणि पहिला तास सावकाश चालतो. १९०५ साल, एक आडबाजूचे बेट, तिथल्या पंथाने पळवून नेलेली बहीण आणि तिला सोडवायला अनुयायाच्या वेषात शिरलेला भाऊ.

‘तुंबाड’ आवडला असेल, तर मात्र इथूनच सुरुवात करा. दोन्ही चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ या एकाच दिवशी प्रदर्शित झाले आणि दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आहे : दैवी शक्तीकडून हवे ते काढून घेण्यासाठी माणूस तिला काय चारतो? ‘तुंबाड’मधल्या हस्तरला कणीक लागते. इथे कोंडून ठेवलेल्या देवीला रक्त पाजतात, पीक यावे म्हणून. उत्तरार्धात डोके शिकंजात अडकवून हाताने फिरवायच्या गिरमिटाने कवटीला भोक पाडण्याचा प्रसंग आहे. तो सोसणार नसेल, तर हा चित्रपट सोडून द्यावा.

वेळ कमी असेल तर इव्हान्सने तिमो त्जाह्यांतोसोबत केलेला ‘सेफ हेवन’ बघा. ‘व्ही/एच/एस/२’ (२०१३) या अनेक छोट्या कथांच्या चित्रपटातला हा साधारण अर्ध्या तासाचा भाग. इथेही बाहेरची माणसे पंथाच्या आवारात शिरतात, पण छुपे कॅमेरे घेऊन. त्यामुळे चित्र सतत हलते. हलत्या चित्राने मळमळत असेल तर ‘अपॉसल’च बरा.

पण वेल्सची भाषा आणि जमीन अनुभवायची असेल, तर इव्हान्सकडे ती फारशी मिळत नाही. त्यासाठी ली हेवन जोन्सचा ‘ग्व्लेध’ (२०२१) पाहावा. शब्दाचा अर्थ मेजवानी. शोधताना ‘द फीस्ट’ या इंग्रजी नावाने शोधा. रंगभूमी आणि टीव्ही मालिका करून आलेल्या या दिग्दर्शकाने दीड तासाचा चित्रपट वेल्श भाषेत केला आहे. खासदाराच्या घरी जेवणाचा बेत असतो. शेजारणीच्या जमिनीत खनिजासाठी उत्खनन करू द्यावे, म्हणून तिला गळ घालायची असते. वाढायला आलेली कादी जवळपास काहीच बोलत नाही. भीती बराच वेळ नुसती साचत राहते आणि शेवटी एकदम फुटते. मूळ भाषेत, उपशीर्षके लावूनच बघा. घरच्यांच्या बोलण्यातली तुटक लय डबिंगमध्ये हरवेल. आमच्या मते तिघांत हाच सर्वात पक्का चित्रपट आहे.

प्रानो बेली-बॉन्डचा ‘सेन्सॉर’ (२०२१) अवघा ८४ मिनिटांचा. रक्तपात कमी, मनाचा खेळ जास्त. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात हिंस्र व्हिडिओ कॅसेटींवर काहूर उठले होते, तेव्हाची ही गोष्ट. सेन्सॉर करणाऱ्या एनिडला एका चित्रपटात आपली हरवलेली बहीण दिसल्याचा भास होतो. शेवटाकडे पडद्यावरची चौकट मुद्दाम अरुंद होत जाते. टीव्हीवर चित्र ताणणारी किंवा झूम करणारी सेटिंग चालू असेल तर तो परिणाम मारला जातो. ती आधी बंद करा.