लक्ष्मी रोडवरचं बस्त्याचं दुकान आणि काउंटरमागची स्टुलं

भाचीच्या लग्नाचा बस्ता या दुकानात बांधला. इरकल, नारायणपेठ, मानपानाच्या साड्या, सगळं मनासारखं मिळालं. भाव वाजवी, पैठणीत मात्र रंग कमी. पण पाच तारे दिलेत ते काउंटरमागच्या स्टुलांना.

मी साडीच्या एका शोरूममध्ये कितीतरी वर्षं उभ्यानं नोकरी केली. गिऱ्हाईक नसलं तरी बसायची सोय नाही. कॅमेऱ्यात दिसलं की वरून फोन यायचा. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पोटऱ्या हलत नाहीत, रक्त पायातच साचतं आणि शिरा फुगतात. माझ्या अजून दुखतात. बाथरूमला जायला सारखं विचारायला नको म्हणून आम्ही पाणीच कमी प्यायचो, मग लघवीला जळजळ सुरू. जुन्या पेढ्यांवर गादी असायची, विकणारा आणि घेणारा दोघंही बसलेले. काचेचे काउंटर आले आणि नोकरमाणूस उभा राहिला.

इथली मुलगी साडी उलगडायला उठायची आणि आमची रंगावर चर्चा रंगली की स्टुलावर टेकायची. कोणी डोळे वटारले नाहीत. ती जेवायला गेली तेव्हा मालक स्वतः काउंटरवर आले, तिला अर्ध्या घासावरून उठवलं नाही. शेजारी एक बाई साडी बदलून घेण्यावरून दुसऱ्या मुलीवर ओरडायला लागल्या. मालकांनी मुलीला मागे पाठवलं आणि बाईंशी आपण बोलले. चारचौघांत बोलणी खाऊन रात्री झोप न लागणं मी भोगलंय, म्हणून हे बघून फार बरं वाटलं.

कारखान्यांना उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय ठेवण्याचं बंधन १९४८च्या कायद्यापासून आहे. दुकानांतल्या नोकरांना हा हक्क केरळनं २०१८ साली दिला, तोही कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायका त्यासाठी झगडल्या म्हणून. तमिळनाडूनं २०२१ मध्ये तसाच कायदा केला. या दुकानदारांनी आपणहून केलं, याचं मला कौतुक आहे.

एक मात्र सांगते. स्टुलांना पाठ नाही, आणि वरच्या मजल्यावर शालूंच्या विभागात तर एकही स्टूल दिसलं नाही. तिथल्या मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. मालक, तेवढी सोय लवकर करा. नवरीचा शालू घ्यायला आम्ही पुढच्या आठवड्यात येतोय.