खदानीवरचा निवारा: पिंपाचा पत्रा की डबराची भिंत?

मराठवाड्यात खदानीवर, खडी क्रशरवर कामाला आलेलं कुटुंब बऱ्याचदा टाकाऊ मालातूनच निवारा उभा करतं.

एक मार्ग डांबराच्या रिकाम्या पिंपांचा. पिंपाची दोन्ही तोंडं कापायची, अंग उभं चिरायचं, घणाने ठोकून सपाट केलं की पत्रा तयार. तो बांबूला तारेने आवळायचा, वर निवडणुकीतला जुना फ्लेक्स ताणायचा. दिवस मावळायच्या आत चूल पेटते. मुक्काम हलला की सगळं ट्रॅक्टरमध्ये भरून नेता येतं. पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की हा पत्रा हात लावू देत नाही आणि उरलेलं डांबर वास मारू लागतं. तान्ह्या लेकराला भरदुपारी तिथं निजवलेलं मला बघवत नाही.

दुसरा डबराचा. खदानीतला फुटका काळा दगड जागेवरच मिळतो, तो रचायचं कसब वडार कारागिरांच्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. वर पाचट घातलं की आत गारवा राहतो. पाचट पेट घेतं, म्हणून चूल मात्र बाहेरच हवी.

तरी भिंत उंच नेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, कोसळून हजारो माणसं दगावली. म्हणून माझा कौल कमरेएवढ्या डबराला, वर बांबू आणि हलक्या पाचटाला. पिंपाचे पत्रे पावसाच्या बाजूला आडोशाला लावावेत.