काट्याचं बीपी मशीन: वॉर्डातल्या आठ महिन्यांनंतर

नर्सिंगच्या शिक्षणात मेडिकल-सर्जिकल वॉर्डाचं पोस्टिंग लागायच्या आदल्या दिवशी दवा बाजारातून काट्याचं बीपी मशीन आणि स्टेथोस्कोप घेतला. दुकानदार म्हणत होता, ‘डिजिटल ले लो बेटा, बटन दबाओ, काम खतम.’ नाही घेतलं, कारण मॅडमनी बजावलं होतं की आधी कान तयार करा.

पहिले चार दिवस मला काहीही ऐकू आलं नाही. स्टेथोस्कोप उलटा घालत होते! कानातली टोकं नाकाच्या दिशेनं हवीत, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग रामबागेत घरी आजीवर सराव सुरू केला. ‘आजी, पाच मिनिटं गप्प बस, मग बीपी घेते.’ तर म्हणे, ‘पाच मिनिटं गप्प बसले तर वाढेलच माझं बीपी.’

खरा धडा वॉर्डातल्या एका आजोबांनी दिला. नाडी न धरताच मी १५० पर्यंत फुगवलं, १४० ला ठोके लागले, १४०/९० लिहून मोकळी झाले. सिस्टरनी मनगटावर बोटं ठेवून पुन्हा फुगवलं, तर नाडी १९० च्या आसपास हरवली. काही जणांत आवाज वर सुरू होतो, मध्येच गायब होतो आणि खाली परत येतो. मी नेमकी त्या पोकळीत ऐकायला सुरुवात केली होती. तेव्हापासून आधी नाडी हरवेपर्यंत फुगवते. हवा सोडून थोडं थांबते, मग त्या आकड्याच्या ३० वर नेते आणि सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर (म्हणजे जेमतेम एक-दीड घर) इतक्या सावकाश उतरवते. डिजिटलवर हे बोटांना कधीच कळलं नसतं.

डायलिसिसच्या पेशंटच्या फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताला मात्र पट्टा लावायचा नाही. त्याच हातावर स्टेथोस्कोप टेकवून बघा, घूं-घूं असा अखंड आवाज येतो, बोटांना थरथर लागते. ती थांबली की लगेच सांगायचं. मला तो आवाज आवडतो, खरं सांगायचं तर.

आता तक्रारी. मशीनसोबत पट्टा एकच, मध्यम. जाड दंडावर तो आकडा उगाच वाढवून दाखवतो. एका काकूंचं बीपी याने १५८ आलं, वॉर्डातला मोठा पट्टा लावला तर १३६. वेल्क्रोत चादरीचे धागे अडकतात, सहाव्या महिन्यापासून तो फुगवताना चर्रकन सुटायला लागला. आणि एकदा ट्रॉलीवरून पडलं तेव्हापासून हवा काढल्यावरही काटा ६ वर थांबायचा. मी हुशारीनं प्रत्येक आकड्यातून ६ वजा करत होते. सिस्टरनी बघितलं आणि मशीन हातातून काढूनच घेतलं: शून्य सरकलं की वरचे आकडेही तेवढ्यानंच सरकतात असं नसतं. दुरुस्त करून आणेपर्यंत दोन आठवडे वॉर्डाचं मशीन वापरलं.

घेणार असाल तर दुकानातच सगळी हवा काढून काटा शून्याच्या खुणेत बसतो का बघा, आणि मोठा पट्टा वेगळा मिळतो का तेही विचारा.