वरळी बीडीडीतील पुनर्वसनाची घरे : एक परीक्षण

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी म्हाडाने उभारलेल्या पुनर्वसन इमारतींतील पहिल्या 556 घरांच्या चाव्या 14 ऑगस्ट 2025 रोजी मूळ रहिवाशांना देण्यात आल्या. माझी मावशी त्यांपैकी एका घरात राहायला गेली. तिच्याकडे नेहमीचे जाणे-येणे असल्यामुळे ही घरे आणि त्यामागची पुनर्वसनाची व्यवस्था मला जवळून पाहता आली. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील अनेक कुटुंबे अजून आपल्या पाळीची वाट पाहत आहेत. हे परीक्षण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

घराचे मोल जुन्या खोलीवाचून कळत नाही. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी बांधल्या. त्यांपैकी 121 एकट्या वरळीत होत्या. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, खोली 160 चौरस फुटांची आणि शौचालये सामायिक, अशी त्यांची रचना. ही बांधणी कोंदट होती. स्वातंत्र्यचळवळीच्या काळात सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापर केला. मावशीच्या खोलीत दाराशी मोरी, मोरीवर पाण्याचे पिंप, त्याच्या वर पोटमाळा आणि पोटमाळ्यावर दिवाळीची भांडी, गाद्या व मुलांची जुनी पुस्तके असत. दारासमोरच्या पॅसेजमध्ये भरदुपारीही दिवा लावावा लागे. त्या एका खोलीत तिने सासू-सासऱ्यांचे आजारपण काढले आणि मुलांची शिक्षणे केली.

नवे घर 500 चौरस फूट चटई क्षेत्राचे आहे. दोन शयनकक्ष, बैठकीची खोली, ओट्यासह स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातच शौचालय व न्हाणीघर. आराखडा मला विचारपूर्वक केलेला वाटला. बैठकीच्या खोलीत पाहुणा बसला असताना आतल्या माणसांना संकोच वाटत नाही, आणि हवा व उजेड यांच्याबाबतीत तर जुन्या खोलीशी तुलनाच होऊ शकत नाही. मावशीला सर्वांत मोठा आनंद कशाचा झाला असेल, तर रात्री-अपरात्री शौचालयासाठी जिना आणि पॅसेज पार करावा लागत नाही याचा. गुडघे दुखणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही एवढी एक सोयसुद्धा पुनर्वसनाचे समर्थन करण्यास पुरेशी आहे, असे मला मनापासून वाटते.

या सेवेचा खरा गुण मात्र घराच्या भिंतींपेक्षा तिच्या अटींमध्ये आहे. रहिवाशाला बांधकामाचा खर्च द्यावा लागत नाही, घर मालकी हक्काने मिळते, आणि ते त्याच परिसरात मिळते. दादर-परळच्या गिरणगावातील किती कुटुंबे गेल्या तीस-चाळीस वर्षांत विरार, बदलापूर, पनवेलच्या दिशेने ढकलली गेली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ‘त्याच परिसरात’ या दोन शब्दांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. खासगी विकासकाच्या हाती हे काम न देता सरकारने 2016 मध्ये म्हाडाला समन्वय यंत्रणा नेमले, हा निर्णय मी या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत योग्य निर्णय मानतो. पुनर्वसनाचा खर्च विक्रीसाठीच्या उंच इमारतींतून निघावा, अशी योजना आहे. सार्वजनिक जमिनीचा काही भाग बाजारात जाऊ देण्याची ही किंमत मला खटकते. तरीही विकासक अर्धवट काम टाकून गेल्यामुळे संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली माणसे या शहरात कमी नाहीत, आणि त्या अनुभवापुढे ही तडजोड मी स्वीकारतो.

वेळेच्या बाबतीत मात्र गुण कापावे लागतील. पहिले भूमिपूजन एप्रिल 2017 मध्ये झाले, वरळीतील कामाचा पुन्हा शुभारंभ ऑगस्ट 2021 मध्ये झाला, आणि पहिली घरे त्यानंतर चार वर्षांनी हाती आली. या आठ वर्षांत मावशीच्या मजल्यावरची तीन वडीलधारी माणसे नवे घर न पाहताच गेली. ज्यांची पाळी अजून यायची आहे त्यांनी पात्रतेची कागदपत्रे आणि वारसांची नावे आताच नीट करून ठेवावीत. घरातील कर्ता माणूस मधल्या काळात गेला, तर वारसांची धावपळ दुःखाच्या दिवसांतच सुरू होते.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. चाळीस मजल्यांच्या इमारतीत जगणे लिफ्ट, पाण्याचे पंप आणि अग्निशमन यंत्रणा यांच्यावर अवलंबून असते, आणि ही यंत्रे जुनी होत जातात तसा त्यांचा खर्च वाढत जातो. पहिल्या 12 वर्षांच्या देखभालीची तरतूद योजनेतच आहे, ही समाधानाची बाब. परंतु तेराव्या वर्षी काय? ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सार्वजनिक बांधकाम विभागाला नाममात्र भाडे भरले, त्यांच्यातील निवृत्त गिरणी कामगाराच्या विधवेला किंवा घरकाम करणाऱ्या बाईला दरमहा काही हजारांचा देखभाल खर्च कसा झेपेल? तो झेपला नाही, तर कोणी बाहेर काढले नाही तरी कुटुंब घर विकून जाईल, आणि शंभर वर्षे सामान्यांसाठी राखलेली जागा एकेक घर करून सामान्यांच्या हातून सुटेल. म्हणून रहिवाशांनी गृहनिर्माण संस्था स्थापन होताच स्वतःचा दुरुस्ती निधी सुरू करावा, हिशेब दर तिमाहीस फलकावर लावावेत आणि शासनाने बारा वर्षांनंतरच्या काळासाठी कायमस्वरूपी निधी बांधून द्यावा, ही मागणी आतापासूनच लावून धरावी.

शेजाराचे काय झाले, असे पुष्कळ जण विचारतात. मजल्यावरची दारे आता बंद असतात, हे खरे. परंतु दार बंद ठेवता येणे ही चाळीतल्या बायकांना आजवर न मिळालेली मुभा होती, आणि उघड्या दारांबद्दल हळहळण्याचा अधिकार त्या खोल्यांत न राहिलेल्यांना मी देणार नाही. जे टिकायला हवे ते वेगळे आहे: जांबोरी मैदान, गणेशोत्सव मंडळे, बुद्धविहार, व्यायामशाळा, 14 एप्रिलची मिरवणूक. दलित आणि सवर्ण यांच्यातील 1974 च्या दंगलीत याच वस्तीने फार सोसले, आणि त्यानंतरही माणसे शेजारी शेजारी राहत आली. त्यामुळे एकत्र जमण्याच्या जागांना सोयीसुविधांच्या यादीत तळाचे स्थान देणे योग्य होणार नाही. संस्थेच्या कार्यालयाइतकीच अभ्यासिका आणि ज्येष्ठांसाठी बसण्याची जागाही आवश्यक आहे.

चाळींत सेवानिवासस्थान म्हणून राहणाऱ्या पोलीस कुटुंबांना मात्र घर 15 लाख रुपयांत देण्याचा निर्णय झाला. आधी 50 आणि मग 25 लाखांची रक्कम सांगितली गेली होती, तेव्हा त्यांच्या पाठपुराव्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

एकूण सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरील रहिवाशांनी करारनाम्यातील घराचे क्षेत्र, ताब्याची मुदत, संक्रमण काळातील भाडे आणि देखभालीची कलमे स्वतः वाचून, समजून घेऊन सही करावी. घर विश्वासाने घ्यावे असेच आहे. शिवडीच्या 12 चाळींना मात्र यांतले काहीच मिळालेले नाही, कारण तेथील जमीन मुंबई पोर्ट ट्रस्टची (आताच्या मुंबई पोर्ट प्राधिकरणाची), म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील आहे. त्या रहिवाशांची खोलीही 160 चौरस फुटांचीच आहे, आणि राज्य व केंद्र शासनाने जमिनीचा प्रश्न सोडवून त्यांनाही याच अटींवर घरे द्यावीत.